एचएक्स स्टॉम्प : कोरी गिटार आणि सजवलेली गिटार एकाच वेळी ध्वनिमुद्रित करताना

आरमोरी तालुक्यातील आमच्या गावात धानाची रोवणी आटोपली की झाडीपट्टीच्या नाटकांसाठी गाण्यांची जुळवाजुळव सुरू होते. दिवाळीनंतर मंडई (गावची जत्रा) आणि शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) निमित्ताने गावोगावी रात्रभर नाटके चालतात, आणि वडसा येथील नाट्यमंडळांना त्याआधीच शीर्षकसंगीत व काही गाणी ध्वनिमुद्रित करून हवी असतात. अशा मंडळांसाठी मी गेली काही वर्षे गिटार वाजवतो आणि ध्वनिमुद्रण घरच्याच एका पत्र्याच्या खोलीत करतो. त्यासाठी लाइन सिक्स या कंपनीचे एचएक्स स्टॉम्प हे गिटारच्या आवाजाला ॲम्प्लिफायर आणि इफेक्टचा साज चढवणारे छोटे यंत्र मी दोन वर्षांपूर्वी नागपुरातून कुणी वापरलेले विकत घेतले. हे यंत्र २०१८ साली बाजारात आले आणि त्यातील ॲम्प्लिफायरच्या नकला कितपत हुबेहूब आहेत यावर आतापर्यंत पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या चर्चेत मी भर घालणार नाही. गिटारचा कोरा, म्हणजे ड्राय, सिग्नल आणि इफेक्ट लावलेला सिग्नल हे दोन्ही एकाच वादनातून, एकाच वेळी, वेगवेगळ्या ट्रॅकवर उतरवून पुढे रीॲम्पिंग करण्यासाठी हे यंत्र कसे आहे, एवढ्याच प्रश्नापुरते हे परीक्षण आहे.

ज्यांनी हे काम कधी केलेले नाही त्यांच्यासाठी मूळ कल्पना सांगतो. इलेक्ट्रिक गिटारच्या पिकअपमधून, म्हणजे तारांचे कंपन टिपणाऱ्या भागातून, जो क्षीण विद्युतसंकेत निघतो, त्यात वाजवणाऱ्याचा हात, तारांचा ताण, कोणत्या पिकअपवर वाजवले, हे सगळे आलेले असते. ॲम्प्लिफायर, स्पीकर आणि डिस्टॉर्शन (आवाज फाटका करणे), डिले (प्रतिध्वनी) व रिव्हर्ब (घुमारा) हे इफेक्ट यांची भर त्यात नंतर पडते. आपण केवळ शेवटचा आवाज मुद्रित केला तर ही भर कायमची चिकटून जाते, आणि पुढे डिस्टॉर्शन जास्त वाटले तर पुन्हा वाजवण्यावाचून मार्ग उरत नाही. कोरा सिग्नल सोबत जपून ठेवला असेल तर तोच पुन्हा यंत्रातून किंवा खऱ्या ॲम्प्लिफायरमधून सोडून नवा आवाज काढता येतो. या पुन्हा सोडण्यालाच रीॲम्पिंग म्हणतात.

मग फक्त कोरा सिग्नलच का मुद्रित करू नये, असे मला नव्याने शिकणारी मुले विचारतात. याचे उत्तर मला स्वतःला उशिरा उमगले. गिटार वाजवणारा माणूस बोटांनी वाजवतो तितकाच कानांनीही वाजवतो. ॲम्प्लिफायरचा आवाज लांबत असेल तर तो सूर धरून ठेवतो, डिलेचे प्रतिध्वनी ऐकू येत असतील तर त्यांच्यासाठी जागा सोडतो, आणि डिस्टॉर्शन जास्त असेल तर न वाजणाऱ्या तारा तळहाताने दाबून ठेवतो. कोरडा, टणटणीत आवाज कानावर घेऊन वाजवलेली तान आणि भरलेला आवाज ऐकत वाजवलेली तीच तान, या दोन वेगळ्या ताना असतात. इफेक्टसह मुद्रित झालेला ट्रॅक म्हणूनच मला अत्यंत मोलाचा वाटतो, कारण वाजवणाऱ्याने त्या क्षणी काय ऐकले होते याची ती नोंद असते. पुढे महिनाभराने रीॲम्पिंग करायला बसलो की मूळ हेतू काय होता हे त्या ट्रॅकवरूनच कळते, आणि दहापैकी सहा-सात वेळा तरी शेवटी तोच ट्रॅक कायम ठेवावासा वाटतो. कोरा ट्रॅक उरलेल्या तीन-चार वेळांसाठी असतो.

एचएक्स स्टॉम्पमध्ये ही सोय मुळातच करून ठेवलेली आहे, आणि हेच त्याचे सर्वांत मोठे बलस्थान आहे. यूएसबीच्या एका तारेने संगणकाला जोडल्यावर हे यंत्र सहा वाहिन्यांचा ऑडिओ इंटरफेस म्हणून, म्हणजे आवाज संगणकात नेणारे-आणणारे साधन म्हणून, काम करते. त्यातील १ आणि २ या वाहिन्यांवर इफेक्टसह तयार झालेला स्टीरिओ आवाज येतो, तर ५ आणि ६ या वाहिन्यांवर इनपुटला आलेला सिग्नल कोणतीही प्रक्रिया न होता जसाच्या तसा येतो. गिटार डाव्या इनपुटला जोडलेली असेल तर ५ ही एकच वाहिनी पुरेशी असते. मी रीपर हे ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर वापरतो. त्यात एक स्टीरिओ ट्रॅक १ आणि २ वर, दुसरा मोनो ट्रॅक ५ वर लावून दोन्ही ट्रॅक सज्ज केले की काम झाले. विंडोजवर चालणाऱ्या संगणकासाठी कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर (यंत्र आणि संगणक यांच्यात आवाजाची ने-आण करणारे सॉफ्टवेअर) आधी बसवून घ्यावा लागतो. वाजवताना आवाज थेट यंत्राच्या हेडफोनमधून ऐकावा आणि सॉफ्टवेअरमधील दोन्ही ट्रॅकचे मॉनिटरिंग (वाजवतानाच ऐकवणे) बंद ठेवावे, नाहीतर तोच आवाज संगणकातून फिरून किंचित उशिराने पुन्हा ऐकू येतो आणि लय धरणे कठीण होते.

या सोयीची खरी किंमत मला गेल्या हंगामात कळली. श्रावणात एका नाटकाची चार गाणी मी मुद्रित केली होती. पाऊस पत्र्यावर असा कोसळत होता की खोलीत माइक लावून ॲम्प्लिफायर मुद्रित करण्याचा विचारही करता आला नसता. यंत्रातून थेट संगणकात जाणाऱ्या सिग्नलला मात्र त्या पावसाचा थेंबही लागला नाही. पुढे कार्तिकात गायक, पेटी, ढोलकी आणि ऑक्टोपॅड हे सगळे एकत्र आल्यावर संगीत बसवणाऱ्या ज्येष्ठ कलावंतांनी गाणी ऐकली आणि म्हणाले, ‘‘गिटार लय पुढं येऊन राह्यली भाऊ, पेटी दबून राह्यली.’’ त्यांचे म्हणणे अगदी बरोबर होते. माझ्या डिस्टॉर्शनचा मधला पट्टा नेमका पेटीच्या जागेत शिरत होता, आणि फेडर (ट्रॅकचा आवाज कमी-जास्त करणारी सरकपट्टी) खाली ओढला की गिटार लहान होई, तरीही पेटी मोकळी होत नसे. त्याच आठवड्यात धानाच्या कापणीत विळा लागून माझ्या डाव्या हाताची तर्जनी कापली गेली होती, त्यामुळे पुन्हा वाजवणे पंधरा दिवस तरी शक्य नव्हते. मी पाच क्रमांकाच्या वाहिनीवरचे चारही कोरे ट्रॅक उघडले, डिस्टॉर्शन निम्म्यावर आणले, ॲम्प्लिफायरचा मध्यम पट्टा उतरवला, रिव्हर्ब जवळपास काढून टाकला आणि बोटाला पट्टी असतानाच एका संध्याकाळी चारही गाण्यांची गिटार नव्याने तयार केली. वादन श्रावणातलेच राहिले, त्याचा वेश तेवढा बदलला.

रीॲम्पिंगची पद्धत सोपी आहे, तरी तिच्यात दोन-तीन ठिकाणी पाय घसरतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. कोऱ्या ट्रॅकचे आउटपुट मास्टरला न देता यंत्राच्या ५ आणि ६ या यूएसबी वाहिन्यांना द्यावे आणि यंत्रातील इनपुट ब्लॉकमध्ये गिटारऐवजी त्याच यूएसबी वाहिन्या निवडाव्यात. आता संगणकातून निघालेला कोरा सिग्नल यंत्रात जाऊन सजतो आणि १ व २ वरून परत येतो. तो एका नव्या ट्रॅकवर मुद्रित करावा. हा नवा ट्रॅक चुकूनही ५ आणि ६ कडे परत पाठवू नये, कारण तसे झाल्यास आवाजाचे चक्र तयार होऊन हेडफोनमध्ये कानठळ्या बसतात. पहिल्यांदा करताना हेडफोन कानावरून काढून ठेवावा, हे मी शिकवायला येणाऱ्या प्रत्येकाला बजावतो. दुसरी गोष्ट पातळीची आहे. या यंत्राला गिटारसाठी गेनचे वेगळे बटण नाही, त्यामुळे कोरा ट्रॅक संगणकाच्या पडद्यावर बारीक, किरकोळ दिसतो आणि तो मोठा करून घेण्याचा मोह होतो. तो मोह टाळावा. २४ बिटच्या मुद्रणात आवाजाचा शिखरबिंदू उणे १२ डेसिबलच्या खाली राहिला तरी काहीही बिघडत नाही, पण तो ट्रॅक मोठा करून परत पाठवला तर ॲम्प्लिफायरची नकल तिला जणू अधिक जोराची गिटार मिळाली आहे असे समजून वागते आणि स्वच्छ आवाजही फाटू लागतो. फेडर शून्यावर ठेवून जसे आले तसे पाठवले की गिटार स्वतः जोडल्यासारखाच परिणाम मिळतो, आणि सगळा प्रवास डिजिटल असल्यामुळे वाटेत काही गळत नाही. तिसरी गोष्ट वेळेची. नवा ट्रॅक मूळ इफेक्टसह असलेल्या ट्रॅकशेजारी ठेवून पहिल्या आघाताची सुरुवात जुळते का ते पाहावे. ४८ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने (सॅम्पल) घेताना, ४८ सॅम्पल म्हणजे एक मिलिसेकंद. एवढा फरक लयीत जाणवत नाही, पण जुना आणि नवा ट्रॅक एकत्र वाजवायचे असतील तर तेवढ्यानेही आवाज पोकळ होतो.

आता एक बारीक मुद्दा, जो मला फार महत्त्वाचा वाटतो. साध्या पिकअपचा सिग्नल पुढच्या यंत्राच्या इनपुट इम्पिडन्सवर, म्हणजे इनपुटच्या विद्युतविरोधावर, अवलंबून असतो. इम्पिडन्स मोठा असेल तर वरचे स्वर उजळ राहतात, लहान असेल तर ते मंदावतात, आणि जुन्या पद्धतीचे फझ पेडल (एका प्रकारचे जाड डिस्टॉर्शन) गिटारवर असाच भार टाकत असल्यामुळे त्याचा आवाज तसा लोण्यासारखा लागतो. एचएक्स स्टॉम्पमध्ये इम्पिडन्स ‘ऑटो’वर असेल तर साखळीतील पहिल्या इफेक्टप्रमाणे इनपुटचा प्रत्यक्ष इम्पिडन्स बदलतो. थेट वाजवताना हे उत्तमच आहे. कोरा ट्रॅक जपायचा असेल तेव्हा मात्र याचा अर्थ असा होतो की पहिल्या जागी फझ असताना मुद्रित केलेला कोरा सिग्नलही मंद होऊनच आत येतो, आणि पुढे त्याला स्वच्छ ॲम्प्लिफायर लावला तर हरवलेला उजेड परत मिळत नाही. मी आता मुद्रण करताना इम्पिडन्स १ मेगाओहमवर पक्का करून ठेवतो. त्यामुळे नंतर लावलेला फझ थोडा अधिक धारदार वाटतो, पण ती धार गिटारचा टोन किंचित उतरवून कमी करता येते. याची माहिती यंत्र देणाऱ्याने मला दिली नव्हती. एका संपूर्ण गाण्याची गिटार मंद निघाल्यावर कारण शोधत असताना ती हाती लागली.

कोरा ट्रॅक म्हणजे सगळ्या चुकांवर उतारा, असा समज मात्र कुणी करून घेऊ नये. पिकअपमधूनच शिरलेली घरघर कोऱ्या ट्रॅकमध्ये तशीच असते आणि रीॲम्पिंग करताना डिस्टॉर्शन वाढवले की तीही वाढते. आमच्याकडे याला निमित्ते पुष्कळ आहेत. शेतीपंपांची थ्री-फेज वीज पाळीने येते, पंप सुरू झाले की घरातील दाब खालीवर होतो, आणि वीज गेल्यावर इन्व्हर्टरच्या ओबडधोबड लहरींमुळे सिंगल कॉइल पिकअप भणभणू लागतो. लॅपटॉपचा चार्जर काढून तो बॅटरीवर चालवला तर निम्मा आवाज जागच्या जागी थांबतो. उरलेल्यासाठी गिटार घेऊन खोलीत हळूहळू फिरावे. एका विशिष्ट दिशेला तोंड केले की घरघर जवळपास नाहीशी होते, आणि ती जागा मी फरशीवर खडूने आखून ठेवली आहे. घराचे अर्थिंग उन्हाळ्यात कोरडे पडते, तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतल्यावर फरक पडल्याचा माझा अनुभव आहे. हे उपाय साधे आहेत, पण मुद्रणाआधी करायचे आहेत.

यंत्रात एका वेळी आठच ब्लॉक, म्हणजे ॲम्प्लिफायर किंवा इफेक्टच्या जागा, वापरता येतात. सुरुवातीला ते सहाच होते. तीन क्रमांकाच्या फर्मवेअरने (यंत्राच्या आतील सॉफ्टवेअरने) ते आठ केले. प्रत्यक्ष रंगमंचावर ही मर्यादा कधी कधी जाणवते. रीॲम्पिंगमध्ये मात्र ती उरतच नाही, कारण कोरा सिग्नल पहिल्या फेरीत कम्प्रेसर, डिस्टॉर्शन आणि ॲम्प्लिफायरमधून नेऊन मुद्रित करता येतो, आणि तो तयार ट्रॅक दुसऱ्या फेरीत केवळ डिले, कोरस आणि रिव्हर्बमधून नेता येतो. नाटकातील स्वप्नाच्या एका प्रसंगासाठी मी अशा तीन फेऱ्या केल्या होत्या.

खऱ्या ॲम्प्लिफायरचा अनुभवही सांगायला हवा. संगणकाच्या इंटरफेसमधून निघणारा लाइन पातळीचा सिग्नल गिटारच्या सिग्नलपेक्षा बराच जोरकस असतो, आणि ॲम्प्लिफायरला पिकअपसारखा उच्च इम्पिडन्सचा, नाजूक स्रोत अपेक्षित असतो. ही दरी भरून काढणारी ट्रान्सफॉर्मरची छोटी पेटी अमेरिकेतील ध्वनिमुद्रक जॉन क्युनिबर्टी यांनी १९९० च्या दशकात ‘रीॲम्प’ या नावाने बाजारात आणली, आणि या प्रक्रियेला तेच नाव चिकटले. पुढे ते उत्पादन रेडियल या कॅनडाच्या कंपनीकडे गेले. एचएक्स स्टॉम्पमध्ये मुख्य आउटपुट ‘इन्स्ट्रुमेंट’ पातळीवर ठेवण्याची सोय असल्यामुळे त्या पेटीशिवायही काम भागते. नागपुरात एका मित्राकडे व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर आहे. तिथे मी कोरा ट्रॅक यंत्रातून कोणताही इफेक्ट न लावता बाहेर काढून ॲम्प्लिफायरला दिला आणि समोर माइक लावला. आवाज अप्रतिम आला. मात्र यंत्रात ट्रान्सफॉर्मरचे विलगीकरण नसल्याने लॅपटॉप, यंत्र आणि ॲम्प्लिफायर यांच्यात ग्राउंडचे चक्र तयार होऊन घुमणारा आवाज आला, आणि तो लॅपटॉप बॅटरीवर घेतल्यावरच गेला. वारंवार खऱ्या ॲम्प्लिफायरमधून काम करायचे असेल तर ट्रान्सफॉर्मर असलेली रीॲम्प पेटी घेणेच योग्य ठरेल.

उणिवा आहेत, आणि त्या आमच्यासारख्यांना अधिक बोचतात. या यंत्रात माइकचा क्षीण सिग्नल वाढवणारा प्रीॲम्प नाही आणि काही माइकना लागणारा ४८ व्होल्टचा फँटम पुरवठाही नाही, त्यामुळे गायकासाठी वेगळा इंटरफेस घ्यावाच लागतो. विंडोजवर एएसआयओ एका वेळी एकच यंत्र धरत असल्याने गायक आणि गिटार एकत्र मुद्रित करायचे असतील तर ही जोडी जमत नाही. यंत्र यूएसबीच्या विजेवर चालत नाही. त्याला ९ व्होल्ट आणि ३ अँपिअरचा अडॅप्टर लागतो, आणि पेडलसाठी मिळणाऱ्या साध्या पुरवठ्यातून एवढा प्रवाह मिळत नाही. वीज गेली की लॅपटॉप सुरू राहतो पण यंत्र बंद पडते आणि चालू मुद्रण तिथेच तुटते. इन्व्हर्टरची घरघर सहन करणे किंवा वीज येईपर्यंत थांबणे, हेच दोन पर्याय असतात. पडदा लहान आहे, तरी यूएसबी जोडलेलीच असल्याने एचएक्स एडिट या सॉफ्टवेअरमधून संगणकावरच सगळे बदल करता येतात, म्हणून त्याची तक्रार मी करणार नाही.

ज्यांच्याकडे आधीच पेडल आणि ॲम्प्लिफायर आहेत त्यांनी केवळ या एका सोयीसाठी हे यंत्र घेऊ नये, असे मी स्पष्ट सांगेन. उच्च इम्पिडन्सचा ॲक्टिव्ह डीआय बॉक्स (गिटारचा सिग्नल थेट मुद्रणासाठी जुळवून देणारी पेटी) आणि दोन इनपुटांचा साधा इंटरफेस असला तरी हेच काम होते. गिटार डीआय बॉक्सला जोडावी, त्याच्या ‘थ्रू’मधून पेडल आणि ॲम्प्लिफायरकडे जावे, डीआयचे एक्सएलआर (माइकच्या जोडणीचे) आउटपुट इंटरफेसच्या एका इनपुटला द्यावे आणि ॲम्प्लिफायरसमोरचा माइक दुसऱ्याला. रीॲम्पिंगसाठी वेगळी पेटी लागेल, किंवा न्यूरल ॲम्प मॉडेलरसारखे मोफत सॉफ्टवेअर वापरता येईल. ज्यांना एकाच पिशवीत मावेल असे, मंडईच्या मंचावर आणि घरच्या खोलीत सारखेच चालणारे साधन हवे आहे, त्यांच्यासाठी एचएक्स स्टॉम्प योग्य आहे. वजन सुमारे एक किलो आहे, आणि वडशाहून रात्री नाटक संपवून मोटारसायकलवर परतताना ही गोष्ट लहान राहत नाही.

कोऱ्या ट्रॅकचा आणखी एक उपयोग मला अनुभवातून सापडला. २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झचा मोनो ट्रॅक मिनिटाला सुमारे ८.६ एमबी जागा घेतो, म्हणजे चार मिनिटांच्या गाण्याची कोरी गिटार ३५ एमबीच्या आत बसते. एवढी फाइल गावातल्या मोबाइल नेटवर्कवरूनही पहाटेच्या वेळी सहज जाते. नागपूरचा मित्र ती त्याच्या ॲम्प्लिफायरमधून सोडून परत पाठवतो आणि माझा सुमारे दीडशे किलोमीटरचा प्रवास वाचतो. सोबत मी इफेक्टसह असलेला ट्रॅक एमपी३ करून नमुन्यादाखल पाठवतो, कारण त्याशिवाय मला काय अभिप्रेत आहे हे त्याला कळण्याचा दुसरा मार्ग नाही.

वापरलेले यंत्र घेणार असाल तर विक्रेत्याकडे लॅपटॉप घेऊन जावे. मूळ ९ व्होल्ट, ३ अँपिअरचा अडॅप्टर सोबत आहे ना ते पाहावे, तिन्ही फूटस्विच आणि सगळी फिरती बटणे दाबून व फिरवून बघावीत, यूएसबीची खाच ढिली नाही याची खात्री करावी. मग डिस्टॉर्शनचा एखादा भरगच्च आवाज लावून १, २ आणि ५ या वाहिन्यांवर मिनिटभर मुद्रण करावे आणि पाचवी वाहिनी एकटी वाजवून ऐकावी. तिच्यावर कोरी, टणटणीत, कोणताही साज न चढलेली गिटार ऐकू आली तर पैसे मोजावेत.